गल्लीचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करायची?

गल्लीचा इतिहास लिहायचं मनावर घेतलेला माणूस बहुधा पहिल्याच दिवशी तिथल्या सगळ्यात वयस्कर व्यक्तीकडे जातो, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करतो आणि म्हणतो, ‘सांगा ना काहीतरी जुन्या आठवणी.’ दोन तासांनी हाती काय येतं? पूर्वी सगळे मिळूनमिसळून राहायचे, दारं दिवसभर उघडी असायची, आता तसं काही राहिलं नाही. ऐकायला छान वाटतं, पण हे कुठल्याही गावातल्या कुठल्याही गल्लीबद्दल म्हणता येईल. तुमच्या गल्लीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. वयस्कर माणसांकडे जायचंच आहे, पण तयारी करून. त्या तयारीत किमान महिना-दीड महिना जातो.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. जमिनीच्या सरकारी कागदांना मालक दिसतो, राहणारा दिसत नाही. सातबारा म्हणा, मिळकत पत्रिका म्हणा, खरेदीखत म्हणा, सगळीकडे जमीन कोणाच्या नावावर आहे एवढंच असतं. प्रत्यक्षात वाड्यात आठ बिऱ्हाडं असतात आणि मालक दुसऱ्याच पेठेत राहत असतो. नुसत्या कागदांवर विसंबलात तर गल्लीतल्या पाच-सात कुटुंबांचा इतिहास तयार होईल आणि उरलेली शंभर-सव्वाशे माणसं तिथे कधी नव्हतीच असं वाटेल. म्हणून प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न वेगळे ठेवायचे: मालक कोण होता आणि राहत कोण होतं?

आधी हद्द आखा

पहिल्या खेपेला वीस ते चाळीस घरं पुष्कळ झाली. ‘आमची पेठ’ किंवा ‘आमचा वॉर्ड’ असा विषय घेतलात तर काम तडीस जात नाही. कुठून कुठपर्यंत, दोन्ही बाजू की एकच, कोपऱ्यावरचं घर या गल्लीत धरायचं की पलीकडच्या, आतल्या बोळातली घरं घ्यायची का, हे एका कागदावर लिहून टाका. कोपऱ्यावरच्या घरांबद्दल माझं मत असं की घेऊनच टाकावीत. त्यांचं दार एका रस्त्यावर आणि पत्ता दुसऱ्या रस्त्याचा असतो, त्यामुळे जो तो ती दुसऱ्याच्या गळ्यात टाकतो आणि शेवटी ती कोणाच्याच नोंदीत येत नाहीत.

काळाची हद्द मात्र आत्ता आखू नका. आजपासून सुरुवात करून मागे मागे जायचं. ‘पेशवाईपासून’ किंवा ‘स्थापनेपासून’ म्हणून सुरुवात केलीत की पहिली पन्नास पानं शहराच्या इतिहासातून उतरवली जातात आणि गल्ली राहते बाजूला.

आजची गल्ली आधी नोंदवा

जुनं शोधायच्या नादात आजचं राहून जातं. पुनर्विकासाची नोटीस लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आत्ताच एका सकाळी, रस्त्यावर गाड्या कमी असतील तेव्हा, गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला आणि प्रत्येक घराचा समोरून सरळ फोटो घ्या. येताना दुसरी बाजू. मग जवळून: दारावरची पाटी, जिन्याखालच्या टपालपेट्यांवरची नावं, विजेच्या मीटरचा बोर्ड, जोत्याचा दगड, सज्ज्याचे लाकडी खांब, पायरीवर किंवा कमानीवर कोरलेलं साल. त्या घराची किती बिऱ्हाडं झाली आहेत ते मीटरच्या बोर्डावरून पटकन कळतं. बखळ पडलेली जागाही घराइतकीच महत्त्वाची. तिचाही फोटो घ्या, तिलाही क्रमांक द्या.

कोरलेलं साल बहुधा शकात असतं. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे वर्षअखेरच्या महिन्यांना 79 मिळवावे लागतात. महिना दिला नसेल तर शके 1847 हे ‘1925-26’ असंच लिहा. नेमकं एक साल ठोकून देऊ नका.

आता क्रमांकांचं. 1805 साली पॅरिसमध्ये सीन नदी प्रमाण धरून घरांना क्रमांक दिले गेले, सम एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला. आपल्याकडच्या जुन्या वस्त्यांत असं सुख क्वचितच मिळतं. एकाच घराला नगर भूमापनाचा एक क्रमांक, पालिकेच्या घरपट्टीचा दुसरा, पत्त्यात चालणारा तिसरा, आणि लोकांच्या तोंडी ‘पिंपळाचा वाडा’. शिवाय पालिका मधूनच सगळे क्रमांक नव्याने देते. यावर उपाय एकच. स्वतःचा क्रमांक ठेवायचा. उत्तरेची बाजू उ-1, उ-2. दक्षिणेची द-1, द-2. घर पडो, दोन घरांचं एक होवो, हा क्रमांक बदलायचा नाही. बाकीचे सगळे क्रमांक त्याच्यापुढे लिहीत जायचे, प्रत्येक कोणत्या सालचा आहे त्यासकट.

फिरताना दिसलेलं आणि वाटलेलं यांची सरमिसळ होऊ देऊ नका. लंडनमध्ये चार्ल्स बूथ या समाजसंशोधकाने 1886 ते 1903 या काळात शहराची पाहणी करून रस्त्यागणिक रंग भरलेले नकाशे काढले, सर्वांत गरीब वस्तीला काळा आणि श्रीमंतांना पिवळा. त्याचे सहायक बीटवरच्या पोलिसांबरोबर रस्ते पायी फिरले आणि त्यांच्या वह्या आजही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ग्रंथालयात आहेत. त्या वह्यांत फुटक्या खिडक्या आहेत, उघड्यावर खेळणारी पोरं आहेत आणि त्याच ओळीत पोलिसाचं मतही आहे. आज वाचताना दोन्ही वेगळं करावं लागतं. तुमच्या वहीत ते आधीपासूनच वेगळं असू द्या.

घरवार वही

सगळ्या कामाचा कणा ही वही. संगणकावर तक्ता केलात तर उत्तम, पण जाडजूड रजिस्टरही चालतं. एका घराला एक पान नको, निदान चार ठेवा. प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद, आणि प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी: घराचा क्रमांक, घरातली जागा, कालावधी, माणूस किंवा कुटुंब कोणत्या नात्याने तिथे होतं, आणि हे कशावरून कळलं.

समजा, अशी एक ओळ:

‘उ-7. तळमजला, मागची खोली. सुमारे 1963 ते 1971. भाडेकरू, टपाल खात्यात नोकरी, पत्नी, तीन मुलं. आधार: मालकाकडच्या भाडेपावत्यांची स्थळप्रत (1964, 1966), 1971 सालाबद्दल उ-8 मधल्या आजींची आठवण, कागद नाही.’

शेवटचे दोन शब्द बघा. ‘कागद नाही’ हे लिहायला लाज वाटून घेऊ नका. पाच वर्षांनी कोणी विचारलं, 1971 कशावरून, तर उत्तर तिथेच असेल. आणि ‘सुमारे’ हा शब्द आळसाने गाळू नका. एकदा गाळला की पुढच्या प्रतीत 1963 हे पक्कं साल होऊन बसतं.

सुरुवातीला बहुतेक पानं कोरी राहतील. कोणाकडे जायचं आणि काय विचारायचं ते या कोऱ्या जागाच सांगतात.

कागद: कोणता कुठे आणि त्यात काय

कागदांची नावं प्रांताप्रांतात वेगळी असतात. प्रकार मात्र बहुतेक ठिकाणी तेच: जमिनीची नोंद, कराची नोंद, व्यवहाराची नोंद, माणसांची यादी. खाली महाराष्ट्रातली नावं दिली आहेत.

नगर भूमापन कार्यालय, म्हणजे लोकांच्या भाषेत सिटी सर्व्हे, इथे मिळकत पत्रिका मिळते. तिलाच सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. तिथे मिळकतीचा भूमापन क्रमांक लागतो; मुंबई शहरात तो सी. एस. नंबर आणि उपनगरांत सी. टी. एस. नंबर म्हणून विचारतात, हे माहीत नसलं तर खिडकीवरूनच परत यावं लागतं. ताजा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरूनही निघतो, पण इतिहासाच्या दृष्टीने जुनं हस्तलिखित कार्ड जास्त मोलाचं. त्यात फेरफार ओळीने असतात: वारसाने, खरेदीने, वाटपाने, कोर्टाच्या हुकमाने. त्याहून मागे जायचं असेल तर चौकशी नोंदवहीची नक्कल मागा. भूमापन झालं त्या वेळी कोणी कशाच्या आधारावर हक्क सांगितला, ते तिच्यात येतं. सोबत त्या भागाचा नकाशाही मागून घ्या. त्याच्यावर आजचा नकाशा ठेवून पाहिलात की कोणता बोळ बुजला आणि रस्तारुंदीत कोणाची ओसरी गेली ते दिसतं.

दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक दोनवरून, म्हणजे ‘इंडेक्स टू’वरून, खरेदी-विक्री, गहाण, बक्षीसपत्र यांचा माग लागतो. खरेदीखतातला चतुःसीमांचा परिच्छेद वाचायला कंटाळू नका. ‘पूर्वेस अमुक यांची मिळकत, पश्चिमेस सरकारी बोळ, दक्षिणेस तमुक यांचा वाडा’ एवढ्यात शेजारच्या दोन घरांची त्या सालची मालकी फुकटात कळते. एका खताने तीन घरांची पानं भरतात.

तरी हे सगळे मालकांचेच कागद. राहणारे सापडतात ते घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत. तिच्यात मालकाबरोबर भोगवटादाराचं, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचं, नाव असतं. ग्रामपंचायतीच्या हद्दीत हीच नोंद नमुना नंबर 8 मध्ये मिळते. शहरांत कराची आकारणी दीर्घकाळ भाड्याच्या हिशोबाने होत आली, त्यामुळे जुन्या वह्यांत खोल्या आणि त्यांचं भाडंही दिसू शकतं. जुन्या आकारणी वह्या पालिकेच्या अभिलेख कक्षात धूळ खात पडलेल्या असतात आणि ‘त्या सापडणार नाहीत’ हे पहिलं उत्तर ठरलेलं. साल, वॉर्ड आणि घर क्रमांक नेमका देऊन लेखी अर्ज करा. ‘आमच्या गल्लीची सर्व जुनी कागदपत्रे’ असा मोघम अर्ज कोणीच हातात धरत नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचा मार्ग आहेच, पण तो शेवटी. आधी कारकुनाला काम समजावून सांगितलंत तर तो कधी कधी अशी वही काढून देतो जी आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं.

दुसरा आधार मतदार यादीचा. घर क्रमांक, वय, वडिलांचं किंवा पतीचं नाव असं सगळं एका ओळीत, आणि भाडेकरू-मालक हा भेद नाही. दर पाच-दहा वर्षांची एक यादी मिळाली तरी गल्लीतली ये-जा डोळ्यांसमोर उभी राहते. यादीतून गळालेल्यांचंही भान ठेवा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभरात सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण त्या स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची मुलगी’ एवढंच सांगत होत्या. यादीत नाही म्हणजे घरात नव्हती, असा निष्कर्ष काढायची घाई नको.

जनगणनेच्या मागे लागू नका. ब्रिटनमध्ये जनगणनेचे घरवार तक्ते 100 वर्षांनी आणि अमेरिकेत 72 वर्षांनी खुले होतात, त्यामुळे तिकडच्या मार्गदर्शिका तिथूनच सुरू होतात. आपल्याकडे 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 नुसार व्यक्तिगत नोंदी पाहता येत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. जिल्हा जनगणना पुस्तिकांतून वस्तीचे एकूण आकडे मिळतात, तेवढे घ्या.

फार मागे जायचं असेल तर राज्य पुराभिलेखागार. मुंबईत ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे आणि पुण्यात पेशवे दफ्तर. तिथले जुने कागद मोडीत असतात. मोडी शिकायला वेळ लागतो, पण घरांची यादी किंवा करारनामा वाचण्यापुरती ती जमू शकते. नाही जमली तर जाणकाराकडून वाचून घ्या आणि वाचणाऱ्याचं नाव नोंदीत लिहा. मुंबईतली एखादी गल्ली संशय यावा इतकी सरळ आणि समान प्लॉटांची असेल तर 1898 च्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचं नाव डोक्यात असू द्या. 1896 च्या प्लेगनंतर दाट वस्त्या पाडून नवे रस्ते आखायला तो नेमला होता. अशा रस्त्याचा इतिहास तो आखण्याच्या आधी तिथून कोणाला उठवलं इथून सुरू होतो.

वर्तमानपत्रांसाठी जुनी ग्रंथालयं गाठा: पुणे नगर वाचन मंदिर (1848), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (1893), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (1898). नुसती पानं चाळत बसलात तर वर्षं जातील. एखादी आग, पूर, भिंत कोसळणं, पाणी तुटणं यांची तारीख हाती असेल तेव्हाच त्या आठवड्याचे अंक मागवा.

खरी दौलत मात्र घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत असते. भाडेपावत्या, शाळा सोडल्याचे दाखले, जुनी रेशनकार्डं, लग्नपत्रिका, पोस्टकार्डं. लग्नपत्रिकेवर दोन्ही घरांचे पत्ते छापलेले असतात आणि तारीख निर्विवाद. पोस्टकार्डावर टपालाचा शिक्का असतो. पत्त्यात पिनकोड असेल तर ते पत्र 15 ऑगस्ट 1972 च्या नंतरचं, कारण पिन त्या दिवशी सुरू झाला. फोटोचंही तसंच: कोपऱ्यात उभ्या स्कूटरच्या पाटीवर ‘एमएच’ दिसलं तर फोटो 1989 च्या अलीकडचा. माणसांच्या चेहऱ्यांवरून वर्ष ठरवायला जाऊ नका, मागच्या भिंतीकडे बघा.

कागद आणि फोटो घरी नेऊ नका. मालकासमोर, त्याच्याच टेबलावर स्कॅन करा किंवा खिडकीच्या उजेडात फोटो घ्या आणि तिथेच परत द्या. ‘नेतो आणि आणून देतो’ म्हणून नेलेला एक अल्बम हरवला की पूर्ण गल्लीची दारं बंद होतात. स्कॅन साध्या कागदाला 300 डीपीआय, लहान फोटोंना 600. फोटोची मागची बाजूही घ्यायची, तिथे बहुधा स्टुडिओचा शिक्का किंवा कोणाच्या तरी हातचं नाव असतं.

आता माणसांकडे

इथपर्यंत तुमच्या हातात नकाशा आहे, वही आहे, निम्मी पानं भरलेली आहेत. आता गेलात की प्रश्न आपोआप नेमके होतात.

कोणाकडे जायचं? गल्लीत जन्मून गल्लीतच म्हातारा झालेला माणूस सगळ्यांना आदर्श वाटतो. मला तो तितकासा उपयोगी वाटत नाही. त्याच्यासाठी सगळी वर्षं एकमेकांत मिसळून गेलेली असतात. त्यापेक्षा सुना बऱ्या. त्या गल्लीत कोणत्या तारखेला आल्या हे त्यांना पाठ असतं आणि त्या दिवशी काय काय परकं वाटलं तेही. माहेरवाशिणींना फोन करा. लग्न होऊन गेल्या त्या दिवशीची गल्ली त्यांच्या डोक्यात तशीच्या तशी असते, नंतरचं त्यावर काही चढलेलं नसतं. सोडून गेलेल्या भाडेकरूंना शोधा. मालकाच्या घरी त्यांच्या नव्या पत्त्याची कोणाला ना कोणाला कल्पना असतेच. आणि पोस्टमन, पेपर टाकणारे, भांडी घासायला येणाऱ्या मावशी यांना विसरू नका. घराघरात किती माणसं होती हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

वर्ष विचारू नका. ‘कितव्या साली?’ म्हटलं की माणूस एकतर गप्प होतो किंवा अंदाज ठोकून देतो. त्याऐवजी सगळ्यांना आठवणाऱ्या घटनेला बांधून घ्या. पुण्यात पानशेतच्या पुराच्या आधी की नंतर (12 जुलै 1961)? पश्चिम महाराष्ट्रात कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967). इतरत्र 72 चा दुष्काळ, आणीबाणी, किल्लारीचा भूकंप (30 सप्टेंबर 1993), मुंबईत 26 जुलैचा पाऊस (2005). त्याच्या जोडीला घरची खूण: थोरला तेव्हा शाळेत जायला लागला होता का?

संभाषण साधारण असं चालतं:

‘आजी, तुम्ही इथे आलात तेव्हा नळ घरात होता?’

‘छे! अंगणात. सगळ्या वाड्याला एकच.’

‘मग मोरीत पाणी कुठून यायचं?’

‘मोरी कुठली? ती ह्यांनी मागाहून बांधली. पानशेतनंतर. आधी तिथे सुताराची खोली होती ना.’

‘सुतार भाडेकरू होते?’

‘अहो, भाडं कसलं, मालकांचं काम करायचा आणि राहायचा. त्याची बायको माझ्या आधी बाळंत झाली, म्हणजे…’

बघा, नळाच्या प्रश्नातून एक भाडेकरू नसलेला राहणारा सापडला. तो कुठल्याही कागदावर येणार नव्हता. म्हणून ‘आठवणी सांगा’ म्हणू नका. नळ, संडास, दिवा, जिना, दाराची कडी, कोण कुठे झोपायचं हे विचारा. बोलता बोलता कोऱ्या कागदावर खोलीचा नकाशा काढायला द्या. हात चालू लागला की विसरलेली भिंतसुद्धा आठवते.

आठवण चुकते, आणि ती चुकीच्या तारखेला सरकते तेव्हाही काहीतरी सांगत असते. मौखिक इतिहासाचे इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलादनगरीत हे दाखवलं. लुइजी त्रास्तुल्ली हा 21 वर्षांचा कामगार 17 मार्च 1949 रोजी नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला. कित्येक कामगार मात्र तो 1953 च्या नोकरकपातीच्या आंदोलनात मेला असं सांगत. तारीख चुकली, पण त्यांच्या आयुष्यातला मोठा घाव कोणता होता ते कळलं. तेव्हा समोरच्याची तारीख चुकली तर त्याला तोंडावर खोडून काढू नका. वहीत दोन्ही तारखा लिहा, आधारासकट.

रेकॉर्डिंगसाठी मोबाइल पुरतो. विमान मोडवर ठेवा, समोरच्याच्या हाताच्या अंतरावर, कापडावर. छताचा पंखा बंद करता आला तर करा, टीव्ही तर नक्कीच. सुरुवातीला तारीख, जागा, दोघांची नावं बोलून घ्या. ऐंशी-नव्वद मिनिटांपुढे कोणाला बसवू नका, परत या. परतल्यावर त्याच रात्री दहा ओळींचं टिपण करा. शब्द न् शब्द उतरवणं नंतर सवडीने, तेही सगळ्याचं नको. सगळं उतरवायचा हट्ट धरलेली कामं अर्धवट राहिलेली मी बरीच पाहिली आहेत.

‘बिल्डरचे का?’

जुन्या वाड्यात वही घेऊन गेलात की हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. खोल्या मोजणारा, कोण कधीपासून राहतो ते विचारणारा माणूस एरवी बिल्डरचाच असतो. भाडेकरूला वाटतं मालकाने पाठवला, मालकाला वाटतं भाडेकरूंनी. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक पानी चिठ्ठी घरोघर द्या: तुम्ही कोण, कुठे राहता, काय करताय, याचा मालकी किंवा ताब्याशी संबंध नाही, आणि गोळा केलेलं कोणाला दाखवलं जाईल. वाटणीचा दावा चालू असेल त्या घरात चौकशी थांबवा. तुमची वही कोणाच्या वकिलाच्या हातात पडावी अशी वेळ येऊ देऊ नका.

संमती लेखी आणि मराठीत घ्या, सरळ वाक्यांत. नाव छापू का? फोटो छापू का? आवाज कोणाला ऐकवू? काही भाग तुमच्या पश्चातच खुला करायचा आहे का? चारही प्रश्नांना वेगवेगळं उत्तर देता आलं पाहिजे आणि नंतर मत बदलता आलं पाहिजे. हयात माणसांचे आजार, कर्ज, घरातले वाद, आत्महत्या यांतलं काही सांगितलं गेलं तरी छापायचं नाही.

जातीचा प्रश्न टाळता येत नाही. कोणती आळी कोणाची, कोणाला खोली मिळायची आणि कोणाला नाही, हाच पुष्कळदा वस्तीच्या आखणीचा नियम होता. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. आजचा पत्ता नव्या नावाने लिहायचा, आणि जुनं नाव जुन्या कागदाच्या संदर्भात, सालासकट, जसं होतं तसं. ते गुपचूप पुसून टाकलंत तर पुढच्या माणसाला जुना कागद उलगडणारच नाही. पण कोणाच्या घराच्या पानावर जात लिहायची ती त्यांनी स्वतः सांगितली आणि छापायला होकार दिला तरच.

लिहिताना

घरवार लिहा. उ-1 पासून सुरू करून द-शेवटपर्यंत, रस्त्याने चालत जावं तसं. एका घराला अर्धं पान, दुसऱ्याला सहा पानं, असं झालं तरी चालेल. ज्याचं काही मिळालं नाही त्याचंही पान ठेवा: फोटो, क्रमांक आणि ‘1950 ते 1980 राहणारे कळले नाहीत’. छापून झाल्यावर अशाच पानांना सर्वात जास्त उत्तरं येतात. सगळ्या गल्लीला एकदम लागू असलेल्या गोष्टी, म्हणजे नळ, वीज, रस्तारुंदी, दंगल, पूर, एका वेगळ्या प्रकरणात घ्या, नाहीतर त्या प्रत्येक घरात पुन्हा पुन्हा येतात.

‘गल्लीतली मान्यवर मंडळी’ असं प्रकरण करायचा मोह होईल. करू नका. जो नामवंत जिथे राहिला त्या घराच्या पानावर तो येईलच, शेजारच्या बिऱ्हाडाएवढ्याच अक्षरांत. जर्मन कलाकार गुंटर डेम्निग यांनी 1992 पासून नाझींच्या बळींसाठी त्यांच्या शेवटच्या राहत्या घरांसमोर फुटपाथमध्ये पितळी पाट्या बसवायला सुरुवात केली. एका माणसाला एक पाटी, आकार जेमतेम दहा सेंटीमीटर, बहुतेक मजकुराची सुरुवात ‘इथे राहत होता’ अशी. अशा एक लाखाहून जास्त पाट्या आता युरोपभर आहेत. घर कोणाच्या मालकीचं होतं याचा त्यात प्रश्नच नाही.

जुळत नसलेले आधार जुळवून टाकू नका. घरपट्टीची वही 1958 म्हणते, सूनबाई 1960 म्हणतात, कोनशिला शके 1878 सांगते. तिन्ही लिहा आणि तुमचा कल कुठे आहे व का ते एका वाक्यात सांगा. कोनशिला काम सुरू झाल्याची असू शकते आणि आकारणी पूर्ण झाल्यानंतरची.

प्रती आणि दुरुस्त्या

फाइलींना नावं देताना घर क्रमांक पुढे, मग साल, मग प्रकार: ‘उ07-1964-भाडेपावती’. ‘नवीन फोटो 2 अंतिम’ असलं नाव सहा महिन्यांनी तुम्हालाही कळणार नाही. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर दुसऱ्या ठिकाणी. छापील प्रत गावच्या ग्रंथालयात आणि जमलं तर गल्लीतल्या शाळेत ठेवा. मूळ रेकॉर्डिंग आणि संमतीपत्रं कोणाच्या ताब्यात राहतील हे तुमच्यानंतरचं नाव घालून लिहून ठेवा. जुन्या फोटोची प्रत ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे तो छापायचा हक्क असतोच असं नाही. स्टुडिओचा शिक्का असेल तर फोटोग्राफर किंवा त्याचे वारस सापडतात का ते बघा.

पहिली आवृत्ती थोड्याच प्रतींची काढा आणि मुखपृष्ठावर ‘कच्ची प्रत’ व तारीख छापा. डावीकडची पानं कोरी सोडा. घरोघर देताना पेन्सिलीने दुरुस्त्या करून महिन्याभरात परत द्यायला सांगा. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तावातावाने दारात येईल की सुतार उ-7 ला नव्हता, उ-9 ला होता, आणि त्याची मुलगी अजून हयात आहे. चहा नंतर द्या, आधी तिचा फोन नंबर लिहून घ्या.